आप्पांचं हो, आप्पांचं नाही

आप्पा माणसाचं लायसन चहा पिऊन ठरवत. बाहेरचा कुणी हे वाचून हसेल, पण निपाणीच्या आसपास ज्यांनी त्या काळात मोठ्या गाडीचं स्टिअरिंग हातात धरलं, त्यांना यात हसण्यासारखं काही वाटणार नाही. गडी आप्पांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये येई, शिके, गाडी पुढे-मागे घ्यायला लागे, आणि मग एका सकाळी आप्पा त्याला तंबाखूच्या वखारीसमोर उभ्या असलेल्या जुन्या ट्रकच्या केबिनमध्ये बसवत. "बस हितं, मी आलोच," एवढंच सांगत आणि समोरच्या हॉटेलात जात. तिथं दाराजवळच्या बाकावर बसून बशीतून चहा पीत. एक संपला की दुसरा. केबिनमधल्या गड्याला किती वेळ बसायचं, कशासाठी बसायचं, काही म्हणजे काही माहीत नसे.

आप्पांचं म्हणणं असं, की मोठी गाडी चालवणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे थांबणं. माल भरेपर्यंत थांबा, उतरेपर्यंत थांबा, नाक्यावर थांबा, घाटात पुढची गाडी बंद पडली तर तिच्यामागं थांबा. "चालवाय कुणालाबी येतंय. उभं ऱ्हायाला येतंय का ते बघायचं," असं ते म्हणत. केबिनमधला गडी काय करतो, त्यावर निकाल लागे. हॉर्न वाजवायला लागला तर त्याला रिक्षा. खाली उतरून हमालांशी गप्पा मारत बसला तर प्रवासी गाडी, म्हणजे बस नाहीतर वडापची, माणसं भरून नेणारी जीप. गाडीतली पाटी अन् पाटी वाचून काढणारा कुणी निघाला तर त्याला टँकरचं वेगळं प्रशिक्षण घ्यायला धाडत, कारण पेट्रोल-गॅस न्यायचं तर वाचणारा माणूस पाहिजे. आणि जो झोपला, तो मालाच्या ट्रकचा.

मी झोपलो होतो. जाग आली तेव्हा आप्पा केबिनचं दार उघडून उभे होते आणि मिशीतल्या मिशीत हसत होते. झोप झाली का म्हणाले, आणि माझं हेवी, म्हणजे मोठ्या गाडीचं लायसन, पक्कं झालं. त्या एका डुलकीच्या जोरावर मी पंचवीसहून जास्त वर्षं ट्रक चालवतो आहे. धंदाच थांबण्याचा असल्यामुळे वाचायची सवय लागली, आणि वाचता वाचता असं चार ओळी लिहायचं वेडही.

आप्पा दिसायला ड्रायव्हिंग शिकवणारे मुळीच वाटत नसत. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, पांढरी टोपी, किडकिडीत अंग. नवखा माणूस त्यांना बस्तीतले, म्हणजे जैन मंदिरातले, पंडितच समजे. ते जैन, आणि नावापुरते नव्हेत. गाडी सुरू करायच्या आधी शिकणाऱ्यानं चारी बाजूंनी फिरून, वाकून, चाकाखाली बघायचंच. सावलीला कुत्र्याची पिल्लं येऊन निजतात, हे त्यांचं कारण. पिल्लं नसली तर मांजर असेल, मांजर नसलं तर सरडा. एकदा एका चाकाखाली मुंग्यांची रांग निघाली तर आप्पांनी सगळ्या वर्गाला रांग सरेपर्यंत उभं केलं. आम्ही मनातून चिडलो. पण ती चाकाखाली वाकून बघायची खोड माझी आजही सुटलेली नाही, आणि तिनं एकदा सांगलीच्या मार्केट यार्डात एका झोपलेल्या हमालाचा जीव वाचवला आहे.

आमच्या भागात हेवी हे नुसतं लायसन नसतं. सोयरीक जुळवताना मुलगा काय करतो म्हणून विचारलं तर "हेवी आहे" असं उत्तर देतात, आणि मुलीकडची माणसं मान डोलावतात. त्यामुळे आप्पांकडे येणारा जो तो हेवीच मागे. ज्याला टेम्पोपुरतं लागतं तो, ज्याला जीपपुरतं लागतं तो, ज्याला जन्मात ट्रक मिळणार नाही तोसुद्धा. आप्पा त्यांना एकच सांगत. "लायसन म्हंजे पायतान हाय रं. दुसऱ्याच्या मापाचं घातलंस तर पाय तुझाच सोलंल." मग शांतपणे विचारत, गाडी कुणाची चालवणार, माल कसला, माणसं बसणार का, घरी किती दिवसांनी यायचं आहे, लग्न झालंय का. एवढं विचारून मग ते ट्रकच्या केबिनकडे बोट करत.

दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण व्हायला लागे, म्हणून स्कूल लवकर बंद. शिकणारा कितीही हातापाया पडला तरी दिवस कलला की गाडी परत. त्याआधीचा दुपारचा वेळ मात्र तवंदी घाटाचा. बेळगावकडून येताना निपाणीच्या अलीकडे जो उतार लागतो तो. माथ्यावर गाडी थांबवायची, ब्रेक तपासायचे, दुसरा गिअर टाकायचा आणि इंजिनाच्या जोरावर गाडी रोखत उतरायचं. ब्रेकवर पाय ठेवून उतरला की ब्रेक तापतात आणि पायथ्याच्या आत लागायचे बंद होतात. सपाटीवर आप्पा मराठीत शिकवत, पण उतार सुरू झाला की त्यांच्या तोंडून आपोआप घरची कानडी यायची. "निधान, निधान," म्हणजे हळू, हळू. मोठ्यानं नाही, झोपलेल्या पोराला थोपटावं तसं.

ही चहाची परीक्षा त्यांनी शोधली कुठून, ते आम्हाला ठाऊक होतं, कारण ते अभिमानानं सांगत. आप्पा स्वतः गाडी शिकले बेळगावच्या कॅम्पात, एका निवृत्त सुभेदाराकडे. सुभेदारानं त्यांना एका सकाळी लॉरीत बसवलं आणि तो गेला तो दुपारी आला. आप्पा तोवर जागचे हलले नाहीत. सुभेदारानं पाठीवर थाप मारली आणि तिथून पुढे त्यांना हाताखाली घेतलं. ही गोष्ट सांगताना आप्पांची मान ताठ व्हायची.

शीतल माझा मित्र. शाळेपासूनचा. भाजीचा टेम्पो घेऊन तो पहाटे बेळगावला जायचा आणि दुपारच्या आत परत. हात इतका साफ, की अरुंद बोळातून टेम्पो उलटा काढताना आरशाला भिंत लागायची नाही. माझ्यापेक्षा तो शतपटीनं चांगला ड्रायव्हर होता, हे मी त्याच्या तोंडावर कबूल करायचो. लग्न झालेलं, बायको सुनंदा, मुलगा अजित पाळण्यात. त्याच्या एका लांबच्या पाहुण्याकडे ट्रक होते, आणि तू हेवी काढ, गाडी तुझ्या हातात देतो, असं त्यानं कबूल केलेलं. माझ्यामागून थोड्याच दिवसांनी आप्पांनी त्याला केबिनमध्ये बसवलं.

मी त्या दिवशी हॉटेलात आप्पांच्या शेजारी होतो. शीतल बराच वेळ नीट बसला. मग त्यानं दार उघडलं, उडी मारून खाली आला, रस्ता ओलांडून सरळ हॉटेलात शिरला आणि हसत हसत विचारलं, "आप्पा, जायाचं न्हवं?" आप्पांच्या हातात दुसरा चहा होता. त्यांनी तो त्याच्यासाठी बशीत ओतला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "शीतल, तू लाइटच चालव. टेम्पो घे, जीप घे. हेवी नको." त्यानं कारण विचारलं. तुला थांबायला जमत नाही, असं आप्पा म्हणाले. शीतल आधी हसला. मग त्यांचा विनोद नाही हे त्याला कळलं, तेव्हा त्याचं तोंड उतरलं, ते मला अजून दिसतं.

आता आमच्या सीमेवरच्या माणसांची एक खोड सांगायला पाहिजे. आम्हाला एका बाजूनं नाही म्हटलं की आम्ही नदी ओलांडतो. रेशन इकडं, दवाखाना तिकडं, शेत अलीकडं, सोयरीक पलीकडं. एका सरकारनं दार लावलं तर दुसऱ्याचं उघडं असणारच, असा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास. शीतलचे मामा दूधगंगेपलीकडे, महाराष्ट्रात, कागलच्या बाजूला. त्यानं मामांचा पत्ता लावून लायसन तिकडं नेलं आणि पलीकडच्या कुठल्याशा स्कूलमधून हेवी काढून आणलं. त्या स्कूलात सपाट मैदानावर आठचा आकडा काढायला शिकवत, बाकी काही नाही. आप्पांचा शब्द हा जणू कर्नाटक सरकारचा हुकूम, आणि दूधगंगेपलीकडे तो लागू होत नाही, असं आम्हा सगळ्यांनाच तेव्हा वाटलं. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

शीतलच्या मनात अढी नव्हती. तो पेढे घेऊन आप्पांकडे आला. आप्पांनी पेढा घेतला आणि घाट कुणी शिकवला म्हणून विचारलं.

"घाट काय शिकायचा, आप्पा? रस्ताच हाय की त्यो."

"एकदा माझ्यासंगं चल. उद्याच चल."

"येतो की. सवडीनं येतो."

सवड झाली नाही. सिमेंटच्या पोत्यांचा ट्रक घेऊन तो बेळगावकडून येत होता. भर दुपार, कोरडा रस्ता, समोर कुणी नाही. किन्नर, म्हणजे गाडीवरचा क्लीनर, उडी मारून वाचला, त्यानं नंतर सांगितलं, की माथ्यावर पुढं एक गाडी रेंगाळत होती, शीतलनं तिला मागं टाकलं आणि टॉप गिअरमध्येच उतरायला लागला. पहिल्या वळणापर्यंत ब्रेक लागले. दुसऱ्याला लागले नाहीत. ट्रक डोंगराच्या अंगाला जाऊन बसला. आम्ही पोहोचलो तेव्हा रस्त्यावर सिमेंटचा करडा धुरळा पसरलेला आणि रबर जळाल्याचा वास. आप्पा आलते. ते ट्रकजवळ गेले नाहीत. लांब वळणावर एका दगडापाशी उभे राहून रस्त्याकडे बघत होते.

खरं तर इथं आप्पांची गोष्ट संपून दुसऱ्याच कुणाची सुरू होते, असं मला वाटतं. कारण त्यानंतर जो माणूस त्या पांढऱ्या सदऱ्यात वावरला, तो आमचा आप्पा नव्हता. आठवड्याच्या आत सगळीकडे बोललं जाऊ लागलं, की आप्पांना आधीच दिसलं होतं. आप्पा नाही म्हणाले आणि पोरगा गेला. मग कुणीतरी पुढचं पाऊल टाकलं, की आप्पा नाही म्हणाले *म्हणून* पोरगा गेला. त्यांची जीभ काळी आहे. जे बोलतात ते खरं होतं. ज्या माणसानं मुंग्यांसाठी वर्ग थांबवला, त्याच्या जिभेवर एक जीव बसवून लोक मोकळे झाले.

आणि गंमत बघा, त्यामुळे त्यांचं स्कूल ओस पडायला पाहिजे होतं, ते उलट तुडुंब भरलं. संकेश्वर, चिकोडी, पार हुक्केरीकडून माणसं येऊ लागली. शिकायला नव्हे, विचारायला. आया पोरांना घेऊन येत आणि दारातच चपला काढत. एक म्हातारा नातवाला घेऊन आला आणि आप्पांचे पाय धरून म्हणाला, काय सांगायचं ते सांगा, फक्त न्हाई म्हणू नका. आप्पांनी पाय मागं घेतले आणि आत निघून गेले. त्यानंतर त्यांनी कुणालाच नाही म्हटलं नाही. हो सुद्धा म्हटलं नाही. लोक समोर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे, आप्पा भिंतीकडे बघत राहायचे, आणि आप्पांच्या पत्नी, आमच्या काकी, येऊन लोकांना हात जोडून घालवून द्यायच्या.

ते हॉटेलात मात्र रोज जात. चहा मागवत. तो तसाच थंड होई, वर साय धरे. मी ट्रक घेऊन गावात असलो की जाऊन शेजारी बसायचो. वखारीसमोरचा जुना ट्रक त्यांनी विकला नव्हता. पण त्याच्याकडे पाठ करून बसायला लागले होते. मधूनच मला म्हणत, "केबिनमधी कोण बसलंय बघ रं." मी बघायचो. कोण न्हाई आप्पा, असं सांगायचो. पटल्यासारखी मान हलवायचे. थोड्या वेळानं परत तेच. एकदा त्यांनी विचारलं नाही, तर मीच न राहवून मागं वळून बघितलं. दुपारच्या उन्हात रिकामी काच चमकत होती, पण माझ्या अंगावर काटा आला. कारण आप्पा कुणाची वाट बघतात ते मला ठाऊक होतं. दार उघडून, उडी मारून, रस्ता ओलांडून हसत हसत हॉटेलात येणाऱ्याची.

अशाच एका दुपारी ते बोलले. एरवी बोलायचे बंदच झाले होते, म्हणून मला शब्द न् शब्द आठवतो.

"लोक म्हणत्यात आप्पाला दिसलं हुतं. मला काय बी दिसलं न्हवतं, बाळू. च्या गरम हुता, म्हणून मी बसलो हुतो. त्यो गार असता तर मी लवकर उठलो असतो. शीतल बसलेलाच घावला असता. मग त्याला बी व्हय म्हटलं असतं, आणि घाट शिकवला असता."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो. त्यांनी हातानं थांबवलं. म्हणाले, सुभेदार त्या दिवशी कसली परीक्षा घेत नव्हता. त्याला कॅम्पात कुणीतरी भेटलं, तो पत्ते खेळत बसला आणि आप्पांना विसरला. हे त्यानंच मरायच्या आधी सांगितलं. आप्पांना तेव्हा हसू आलं, वाटलं विसरला तर विसरला, गोष्ट चांगली आहे. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू झोपलास म्हणून तुला व्हय म्हटलं. आदल्या राती तू वरातीत नाचून आलतास म्हणून झोपलास. ते मला मागनं कळलं."

ते खरं होतं. मी पहाटेपर्यंत नाचलो होतो. त्या दिवसापासून मला माझ्या लायसनचं भय वाटायला लागलं. शीतलला मिळालेलं 'नाही' आणि मला मिळालेलं 'हो', दोन्ही एकाच चहाच्या कपातून निघालेली. पुढं कितीतरी दिवस घाटाच्या माथ्यावर गाडी थांबवली की मी ब्रेक दोन-दोनदा तपासायचो. शीतलला मी विसरलो नाही हे सांगायची गरज नाही, पण त्या दिवसांत शीतलपेक्षा आप्पांचीच मला जास्त आठवण यायची, आणि ते जिवंत होते.

वर्षं गेली. रस्ता चौपदरी झाला, लायसनचे अर्ज मोबाइलवर गेले, गावोगावी नवी स्कूलं निघाली. आप्पा पार वाकले, डोळ्यांना कमी दिसू लागलं. जुना ट्रक एका पावसाळ्यात भंगारात गेला, तरी हॉटेलातली त्यांची पाठ वखारीकडेच राहिली.

सुनंदा वखारीत तंबाखू निवडायला जायची. तिनं अजितला वाढवला, शिकवला. तो बापासारखाच हाताचा साफ निघाला. बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावरून भाड्याची कार चालवायचा. त्याला सरकारी बसवर ड्रायव्हर म्हणून जायचं होतं. भरती कधीही निघेल, तोवर प्रवासी गाडीचं हेवी आणि बॅज हाताशी पाहिजे, असं त्याचं म्हणणं. चुकीचं काहीच नव्हतं त्यात. कारच्या धंद्यात आज भाडं आहे, उद्या नाही. पण सुनंदानं अट घातली. आप्पा सांगतील तेच. ते व्हय म्हणाले तर काढ, न्हाई म्हणाले तर माझ्या जिवात जीव आहे तोवर विषय काढू नको.

मी तेव्हा आप्पांच्या सोप्यात बसलो होतो. दोघं आली. सुनंदा खाली बसली, अजित दाराशी उभा राहिला. तो उभा राहिलेला बघून आप्पा बसल्या जागेवरून अर्धे उठले, कारण उभं राहण्याची ढब थेट शीतलची. सुनंदानं सगळं सांगितलं आणि म्हणाली, तुमी बोललासा ते खोटं होत न्हाई, म्हणून आलो.

नाही म्हणावं तर पोरगा नदी ओलांडणार. हो म्हणावं आणि काही झालं तर. आप्पांच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसत होतं. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. तोच गरम चहा, तोच विसरभोळा सुभेदार. शेवटी म्हणाले, "सुनंदा, मला त्या येळी काय दिसलं न्हवतं गं. मी नुसता च्या पीत बसलो हुतो."

मी सुनंदाकडे बघायचं टाळलं. इतकी वर्षं ती बाई एका गोष्टीच्या आधारानं जगली होती, की जे झालं ते कुणाला तरी आधी दिसलं होतं, म्हणजे ते लिहिलेलंच होतं. आप्पांनी तो आधार एका वाक्यात काढून घेतला. मला वाटलं, ही आता रडेल किंवा बोल लावेल, आणि दोन्हीचा तिला हक्क होता. ती पदराच्या टोकाला गाठ मारत राहिली, सोडत राहिली. मग उठली.

"त्या येळी बघितलं न्हाईसा," ती म्हणाली. "मग आता बघा."

एवढं बोलून ती वखारीकडे कामाला निघून गेली. अजित दाराशी तसाच उभा.

दुसऱ्या आठवड्यापासून आप्पा बघायला लागले. अजितनं शिकाऊ लायसन काढलं. मी मालकाशी बोलून रिकाम्या दिवसांचा ट्रक मिळवला आणि पुढेमागे लाल एल लावला. अजित स्टिअरिंगवर, मी त्याच्या शेजारी, आणि माझ्या पलीकडे दाराशी आप्पा. काकी आधी रागावल्या, या वयात कुठं निघालात म्हणाल्या. मग रोज डब्यात भाकरी बांधून द्यायला लागल्या, दिवस मावळायच्या आत खायची म्हणून बजावून.

माथ्यावर थांबायचं, ब्रेक तपासायचे, दुसरा गिअर. सगळं तेच. पण पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं, की आप्पा रस्त्याकडे बघतच नाहीत. अंग वळवून, माझ्यावरून वाकून, ते अजितच्या तोंडाकडे बघत होते. कमी दिसणारे डोळे बारीक करून. मागून कुणी हॉर्न दिला की त्याच्या कपाळावर काय उमटतं, पुढची गाडी रेंगाळली की ओठ कसे होतात, हे सगळं. दुसरं वळण आलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले. "निधान," आप्पा म्हणाले, "निधान," आणि इंजिन गुरगुरत गाडी वळणावरून गेली.

पायथ्याला गाडी उभी करून अजितनं विचारलं, "आप्पा, जमंल का मला?"

आप्पांनी घाम पुसला. "आज जमलं. उद्याचं उद्या इचार."

आणि तो दुसऱ्या दिवशी विचारायचा. कधी मुद्दाम थट्टेनं, कधी खरंच घाबरून. एकदा उतारावर एक ट्रेलर आडवा झाला आणि आम्ही अर्धी दुपार तिथंच अडकलो. अजित हॉर्न वाजवत नव्हता की उतरत नव्हता, स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता. मला वाटलं, आज आप्पा नक्की काहीतरी पक्कं बोलणार. रस्ता मोकळा झाला, आम्ही खाली आलो, अजितनं विचारलं. उत्तर तेच. आज जमलं, उद्याचं उद्या इचार. हिवाळाभर हे चाललं. त्या दिवसांत आप्पा हॉटेलात गेले नाहीत, आणि केबिनमध्ये कोण बसलंय असंही त्यांनी मला विचारलं नाही. आम्ही सगळे तर केबिनमध्येच बसलेलो होतो.

ट्रायलची तारीख लागली आणि तिच्या आधीच आप्पा गेले. घाटावरून आले, दिवस असताना जेवले, अंथरुणावर पडले, ते सकाळी उठले नाहीत. त्यांच्या मागं माणसं खूप चालली. पार हुक्केरीकडून ट्रकवाले आले होते. काळी जीभ म्हणणारेही होते त्यांत, डोळे पुसत होते. मी कुणावर रागावलो नाही. रागवायला अंगात बळच नव्हतं.

अजित ट्रायल पास झाला. हेवी मिळालं, बॅज मिळाला. त्या संध्याकाळी सुनंदा माझ्या घरी आली आणि उंबऱ्याच्या आत न येता तिनं विचारलं, "भावजी, आप्पा शेवटाला काय म्हणालं? व्हय म्हणालं का न्हाई?"

व्हय म्हणाले, असं सांगून टाकावं असं फार वाटलं. एका शब्दानं तिची झोप परत आली असती. पण ज्या माणसाचं अख्खं म्हातारपण एका शब्दानं खाल्लं, त्याच्या नावावर मी आणखी एक शब्द खपवणार नव्हतो. मी तिला खरं ते सांगितलं, की ते रोज पायथ्याला आल्यावर म्हणायचे, आज जमलं, उद्याचं उद्या इचार. याहून जास्त काही नाही.

"म्हंजे रोजच्या रोज," म्हणाली.

"व्हय. रोजच्या रोज."

"मग जाऊ दे त्याला."

भरती अजून निघायची आहे. अजित सध्या बेळगावात एका कॉलेजची बस चालवतो, आणि सुट्टीच्या दिवशी सहली घेऊन घाटावरून जातो-येतो. दिवसाच्या शेवटी गाडी लावली की तो आईला फोन करतो. जेवलीस का, तब्येत कशी, असलं काही नाही. "आज जमलं," एवढंच सांगतो आणि ठेवतो. तो फोन येईपर्यंत सुनंदा ताटावर बसत नाही.

माझं वय झालं, पण मीही अजून घाट उतरतो. पायथ्याला आलो की गाडी कडेला घेतो आणि आज जमलं, असं मोठ्यानं म्हणतो. म्हणताना डावीकडच्या, आप्पांच्या सीटकडे मात्र बघत नाही.